जावयाच्या मानाचा कॉम्प्युटर

आमच्या घरात दोन टीव्ही चालत नाहीत. प्रश्न विजेचा नाही, तत्त्वाचा आहे. माझे सासरे म्हणतात, एका घरात दोन टीव्ही म्हणजे दोन चुली. आज टीव्ही वेगळा झाला की उद्या पातेली वेगळी होतात आणि परवा शेतात मोजणीवाला येतो. त्यामुळं मुरुमच्या आमच्या घरात बैठकीत एकच टीव्ही आहे, भला मोठा, आणि त्याचा रिमोट सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात असतो. त्यावर सकाळपासून बातम्या चालतात. बातम्या म्हणजे एका पडद्यावर सहा माणसं एकाच वेळी ओरडतात आणि सासरे सातवे होतात.

मी इथल्याच शाळेत शिक्षिका आहे. माझं माहेर भूम तालुक्यातलं ईट, तिथं कानडीचं वारंसुद्धा लागत नाही. सासूबाई मात्र कर्नाटकाच्या हद्दीपलीकडच्या, आळंदकडच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की घरात मराठीच बोलायचं, नाहीतर पोरांची जीभ दोन्हीकडं अडकते. सासूबाईंनी ते इमानानं पाळलं. त्यामुळं माझ्या नवऱ्याला आणि दिराला 'ये', 'जा' आणि दोन शिव्या सोडल्या तर कानडी येत नाही. सासऱ्यांना आकडे तेवढे येतात, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची हयात बाजारात मापाडी म्हणून धान्याची पोती मोजण्यात गेली.

सासूबाईंची कानडी उरली होती ती रोज दुपारी अडीच ते साडेतीन. अडीचला त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन यायचा. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, 'ऊटा आयता?', म्हणजे जेवण झालं का. पुढचा तासभर सासूबाई शेंगा फोडत हसायच्या, हळहळायच्या आणि मध्येच सासऱ्यांकडं तिरक्या डोळ्यानं बघून काहीतरी लांबलचक सांगायच्या. विषय कोणता आहे हे कळायला भाषा यायची गरज नव्हती. सासरे समोरच्या खुर्चीत पेपर धरून, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसलेले असायचे. बिचाऱ्यांना काही कळत नाही म्हणून मला त्यांची कीवही यायची.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. त्यानंतर सासूबाई बोलायच्या थांबल्या. 'भाकरी टाकू का', 'दूध उतू चाललंय' एवढं बोलायच्या, पण त्याला काय बोलणं म्हणतात? अडीच वाजले की सवयीनं फोन मांडीवर घ्यायच्या आणि बसून राहायच्या. मला ते बघवेना. एकदा मी मोबाईलवर त्यांना कानडी नाटक लावून दिलं. तिकडं गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांची विनोदी नाटकं असतात, तसलं. पण त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, आणि कानही जरा कमीच.

"माणसं मुंगीएवढी दिसत्यात गं," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

त्याच सुमारास माझा पगाराच्या फरकाचा हप्ता जमा झाला. मी ठरवलं, घरात एक कॉम्प्युटर घ्यायचा. टीव्ही म्हटलं तर दोन चुली, पण कॉम्प्युटर म्हटलं की अभ्यास. आमच्या घरात अभ्यासाला कोणी अडवत नाही, कारण तो कोणी करतही नाही. तयार यंत्र महाग पडतं म्हणून सुटे भाग निवडून सोलापुरात जोडून घ्यायचं असं ठरलं. शाळेत ऑनलाइन माहिती भरून भरून मला एवढं ज्ञान नक्कीच आलं होतं. मी वहीच्या एका पानावर यादी केली. सगळ्यात वर लिहिलं, मोठा पडदा. त्याखाली, खणखणीत आवाजाचे स्पीकर. त्याखाली साधा प्रोसेसर, ज्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय असते असला. रॅम बेताची. साठवायला एक बारकी एसएसडी. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं तो डबा, मिळेल तो. माझ्या पैशात यादी नीट बसत होती. मग मी तिचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आयुष्यात मी ज्या चुका केल्या त्यात ही बरीच वरची आहे.

आमच्याकडं मोठी खरेदी ही खरेदी नसते, लग्न असतं. ज्याला विचारलं नाही तो रुसतो, आणि ज्याला विचारलं त्याचं ऐकावं लागतं. त्यातही जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा घरातला कायदा. माझ्या नणंदेचे यजमान, आमचे दाजी, पुण्याला असतात. त्यांच्या लग्नात पहिल्या पंगतीला त्यांच्या चुलत्याचं पान मांडायचं राहिलं, म्हणून ते दोन दिवाळ्या आले नव्हते. तेव्हापासून सासरे दाजींचा फोन उभं राहून घेतात.

दाजी एका कंपनीत 'कॉम्प्युटरवर' आहेत. कामगार आला की त्याच्या नावापुढं हजेरी लावायची, गेला की काढायची. पण त्यांच्या बोटाखाली कीबोर्ड असतो, आणि आमच्या घराला एवढं पुरतं. यादी टाकून दहा मिनिटं झाली नसतील, तर त्यांचा फोन आला, तोही सासऱ्यांना.

"मामा, ही यादी कुणी केली?" फोन स्पीकरवर होता. "ह्यात कार्डच नाही. ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे बिनमोटरची विहीर झाली."

सासऱ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विहिरीची मोटर विकून खाल्ली.

"दाजी, आईंना नाटकं बघायचीत," मी म्हणाले. "त्याला कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच सोय आहे."

"वहिनी, आज नाटक, उद्या काय सांगता येतंय? घेताना पुढच्या दहा वर्षांचं घ्यावं."

पुढच्या दहा वर्षांत सासूबाई मोटारींच्या शर्यती खेळतील असं त्यांना वाटत असावं. त्यांनी लगेच नवी यादी पाठवली. तिच्यातला प्रोसेसर माझ्यापेक्षा थोडा स्वस्त होता, म्हणून सगळ्यांनी वाहवा केली. पण त्याला स्वतःच्या जिवावर चित्र दाखवता येत नव्हतं. त्याला कार्ड घेणं भागच होतं. म्हणजे दाजींनी एक मान मागून घेतला आणि त्याच्या गळ्यात दुसरा बांधून ठेवला. शिवाय कॅबिनेट काचेची, आत सात रंगांत फिरणारे पंखे. हे मी नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं.

"कळतंय मला," तो म्हणाला, "पण दाजी आहेत. कशाला तोंडी लागतेस?"

माझा नवरा स्वभावानं फार शांत आहे. त्याच्या शांततेचा खर्च नेहमी मीच करते.

दीर शेती आणि ट्रॅक्टर बघतात. त्यांनाही विचारणं आलं. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "वहिनी, करंट पुरवणारा डबा वजनदार घ्या. हलकी मोटर जळती." सासऱ्यांचं म्हणणं आलं, की लाईट जाते तेव्हा बॅटरी पाहिजे, म्हणून यूपीएस वाढला. आता सगळ्यांचा मान झाला. सासूबाईंना कोणीच काही विचारलं नाही. मीसुद्धा विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला माहीत आहे.

रविवारी नवरा, दीर आणि मी दिरांच्या गाडीतून सोलापूरला गेलो. दुकानदारानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नवऱ्याला विचारलं, "साहेब, मदरबोर्ड कुठला बघू?" नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. दुकानदारानं ते ऐकून नवऱ्याला पुढचा प्रश्न विचारला. तासभर असंच चाललं. प्रश्न साहेबांना, उत्तर माझं, आणि ते पटल्याची मान पुन्हा साहेबांकडं. दिरांनी मात्र दोन हातांत दोन पॉवर सप्लाय घेतले, बाजारात नारळ जोखतात तसे जोखले आणि एक पुढं केला. दुकानदार म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, हलका घेऊ नये." त्या अख्ख्या खरेदीत कामाचा सल्ला तेवढा एकच निघाला, आणि तोही ट्रॅक्टरवाल्याचा.

शेवटी दुकानदारानं बेरीज मांडली. ती माझ्या हप्त्याच्या बरीच बाहेर गेली होती.

"काहीतरी कमी करावं लागेल, साहेब."

कार्ड कमी करायचं म्हटलं तर चित्रच दिसणार नाही. काचेची कॅबिनेट काढायची म्हटलं तर नवरा म्हणाला, "दाजींनी फोटो मागितलाय." यूपीएस वडिलांचा. वजनदार डबा भावाचा, आणि तो भाऊ शेजारीच उभा. राहिलं काय? माझ्या यादीतल्या पहिल्या दोन ओळी. मोठा पडदा होता तो लहान झाला. मग आणखी लहान झाला. मग स्पीकर गेले.

"स्पीकर काय, नंतर कधीही घेता येतात," नवरा म्हणाला.

मी तिथंच उठून निघून जायला हवं होतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि मी बाई होते, म्हणजे शिक्षिका या अर्थानंही. चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही हे माझ्याही अंगात मुरलेलं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

यंत्र जोडून घरी आलं. गाडीत मी मागं बसले, कारण पुढच्या सीटवर कॅबिनेटला पट्टा लावून बसवलं होतं. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, काचेवर हळदीकुंकवाची बोटं लावली. सासरे म्हणाले, "माझ्या बॅटरीला बी लावा." बैठकीच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. दिरांनी नारळ फोडला. नवऱ्यानं बटण दाबलं आणि काचेच्या आत जत्रा भरली. लाल, निळा, हिरवा, जांभळा, पंखे फिरतायत, उजेड भिंतीवर नाचतोय. शेजारपाजारची माणसं बघायला आली. एका शेजारणीनं विचारलं, हे फिश टँक आहे का, मासे कधी टाकणार. दाजी व्हिडिओ कॉलवर होते. सासऱ्यांनी फोन काचेपुढं धरून त्यांना त्यांचीच निवड दाखवली.

मग मी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. कानडी नाटक लावलं. पडदा आमच्या शाळेच्या पाटीपेक्षा जरासाच मोठा. सासूबाई पुढं वाकल्या, आणखी वाकल्या, पदरानं चष्मा पुसला. पडद्यावर एक जाडा माणूस आणि त्याची बायको तावातावानं भांडत होते. आवाज नव्हता. असणार कुठून? त्या पडद्यात स्पीकर नव्हते आणि वेगळे घेतले नव्हते. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"अहो, स्पीकर वेगळे घ्यावे लागतात," पुण्याहून दाजी म्हणाले. याला आमच्याकडं वरातीमागून घोडं म्हणतात.

सासूबाई त्या मुक्या तोंडांकडं पाच मिनिटं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"छान हाय की," त्या म्हणाल्या. "रंग लई चांगले हायत."

मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. एवढी माणसं, एवढा मानपान, आणि जिच्यासाठी हे लग्न मांडलं तिलाच अक्षता मिळाल्या नाहीत. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते घर आता माझ्या बैठकीत सात रंगांत उजळून उभं होतं. त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. त्यालाही ते शांततेचंच लक्षण वाटलं असावं.

पाच-सहा दिवस गेले. आला-गेला काच बघून जायचा. सासूबाई अडीच वाजता पुन्हा फोन मांडीवर घेऊन बसायला लागल्या. मी स्पीकरसाठी पुढच्या पगाराची वाट बघत होते.

शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले. अडीच वाजत आले होते. टीव्हीवर सहाजण ओरडत होते, पण सातवे गप्प होते. सासरे पेपर न उघडता बसले होते, आणि सासूबाई नेहमीच्या जागी.

"पोरी," सासरे म्हणाले, "त्या डब्याची वायर माझ्या टीव्हीला लागती का?"

लागत होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्यांचा टीव्ही मागण्यापेक्षा त्यांची एखादी एकर मागणं मला सोपं वाटलं असतं.

"लागते, मामा. पण मग तुमच्या बातम्या..."

"त्यांचं भांडण उद्या बी मिटत न्हाय," ते म्हणाले आणि खिशातून रिमोट काढून टेबलावर ठेवला.

मी वायर काढून टीव्हीला लावली. चित्र भिंतभर आलं. सासऱ्यांच्या टीव्हीचा आवाज तर त्यांच्यासारखाच, वेशीपर्यंत जाणारा. तोच जाडा माणूस, तीच बायको, आणि आता दोघांची कानडी बैठकीत धो धो पडायला लागली. सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही, पण मला इतका आनंद झाला की मी दाजींनासुद्धा माफ करून टाकलं, तेवढ्यापुरतं.

बायको कंबरेवर हात ठेवून नवऱ्याला काहीतरी म्हणाली. आणि कोणीतरी खदखदून हसलं.

त्या सासूबाई नव्हत्या. त्या हसायच्या आधीच हसू आलं होतं, ते मागच्या खुर्चीतून. मी वळून बघितलं. सासरे तोंडावर हात ठेवून बसले होते. सासूबाईही वळल्या.

"तुमाला कळलं?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी पेपर शोधला. तो खाली पडला होता.

"आकडे तेवढे येत्यात मला," ते म्हणाले.

"ह्यात आकडा कुठं हाय?"

 मग सासरे पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "तीस वरसं मापं केली. निम्मी पोती तुमच्याकडच्या माणसांची. ती काय मुकी येत हुती?"

खरं म्हणजे हे कोणाच्याही डोक्यात यायला हवं होतं. सासऱ्यांनी सांगितलं आकडे येतात, आणि आम्ही घरभर आकडे येतात म्हणून चाललो.

"म्हंजी अक्काला मी रोज सांगत हुते ते..." सासूबाईंचा आवाज बारीक झाला.

"समदं."

"समदं?"

"माझ्या आईचं. माझ्या घोरण्याचं. जावयापुढं उभा ऱ्हातो त्याचं." सासऱ्यांनी खाली पडलेला पेपर उचलला. "त्यातलं निम्मं खोटं हुतं."

"मग कधी बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तू बोलायची थांबली असतीस. तुला दुसरं कोण हुतं?"

मला एकदम राग आला. "मामा, मग अक्का गेल्यावर तरी बोलायचं होतंत," मी म्हणाले. सुनेनं असं बोलायचं नसतं, पण बोलले.

ते माझ्यावर चिडले नाहीत. "जमलं न्हाय," एवढंच म्हणाले. मग कोपऱ्यातल्या काचेच्या डब्याकडं हात करून म्हणाले, "म्हणलं, तुमचं यंत्र बोलंल."

 सासूबाईंनी पदर सारखा केला, सूप मांडीवर घेतलं आणि नाटक शेवटपर्यंत बघितलं. मधून मधून हसू यायचं ते दाबायच्या, कारण मागूनही यायचं.

तो कॉम्प्युटर अजून आहे. डोळ्यांवर येतो म्हणून सासूबाईंनी काचेवर विणलेला रुमाल टाकलाय, त्याच्या भोकांतून रंग बाहेर येतात. लहान पडदा दिरांनी माळ्यावर ठेवला. कार्डाचा आम्हाला नाटकापलीकडं कधी उपयोग झाला नाही, पण नाटक चांगलं दिसतं ते त्याच्यामुळंच असं दाजी येईल-जाईल त्याला सांगतात, आणि सासरे उभं राहून 'व्हय व्हय' म्हणतात.

नाटक बघितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी वह्या तपासत बसले होते. टीव्ही बंद होता. अडीच वाजले. सासूबाईंनी फोन मांडीवर घेतला. सासरे दोनदा खाकरले.

"ऊटा आयता?" ते म्हणाले. उच्चार बाजारातला, ओबडधोबड.

सासूबाईंनी वर बघितलं नाही. चार शेंगा फोडल्या.

"आयतु," त्या म्हणाल्या.

मग फोन खाली ठेवला आणि तिरक्या डोळ्यानं त्यांच्याकडंच बघत काहीतरी लांबलचक सांगायला लागल्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सासऱ्यांनी पेपरची घडी केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर दिलं.